‘आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही’ हे वाक्य कुणाचं?

‘मयताच्या मरणाबाबत आमचा कुणावरही संशय नाही व आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही.’ शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत काम करताना हे वाक्य मी किती जबाबांच्या शेवटी वाचलं, त्याची मोजदाद ठेवलेली नाही. डोळखांबकडच्या ठाकरपाड्यातली आई असो, टोकावड्याच्या अंगाचा शेतकरी बाप असो, की वीटभट्टीवरून थेट आलेला कातकरी भाऊ असो. तिघांची बोली वेगळी, दुःख वेगळं, पण जबाबात तिघंही एकाच भाषेत बोलतात. ती भाषा पोलीस ठाण्यातल्या लेखनिकाची असते. खाली अंगठा असतो.

अशाच एका आईला मी विचारलं, ‘मावशी, तुम्हाला खरंच कुणाचा संशय नाही?’ ती म्हणाली, ‘संशव कसा नाय ताई? पर सायेब बोलला, आंगठा दे, मंग मढं भेटंल. पोरीला किती येळ तिथं ठेवायची?’

मैत्रिणींनो, बाईच्या मरणाचा तपास या अंगठ्यापाशी संपतो. कोर्ट, वकील, निकाल या फार पुढच्या गोष्टी. बाई मेल्याची खबर ठाण्यात पोचते तेव्हापासून प्रेत मातीआड होईपर्यंतचे जे एक-दोन दिवस असतात, त्यात जे कागद तयार होतात ते पुढचं सगळं ठरवतात. आपल्या चळवळीने कायद्यासाठी मोर्चे काढले, कायदे बदलून घेतले. या दोन दिवसांच्या कागदांकडे मात्र आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

कायदा काय म्हणतो?

गावात अचानक, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू झाला तर पोलीस पाटलाने तो ताबडतोब कळवलाच पाहिजे. खबर आली की ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते, तिला नंबर पडतो. मग पोलीस अधिकारी जागेवर जातो, आसपासच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांना पंच म्हणून बोलावतो, प्रेत बघून मरणोत्तर पंचनामा करतो. अंगावर कोणत्या जखमा, कोणते वळ, त्या कशाने झाल्या असाव्यात, हे त्यात लिहायचं असतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १९४ मध्ये ते आलं आहे. नव्या कायद्यात अहवाल २४ तासांत जिल्हा दंडाधिकारी किंवा प्रांताकडे पाठवण्याची मुदतही घातली आहे.

बायकांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग १९८३ साली आला. हुंडाबळींच्या विरोधात देशभर बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या रेट्यामुळे ४९८-अ आलं आणि त्याच दुरुस्तीने कलम १७४ मध्येही भर पडली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली, किंवा तिच्या मरणात दुसऱ्या कुणाचा हात असल्याचा वाजवी संशय आला, तर शवविच्छेदन झालंच पाहिजे. आणि पोलिसांवर न सोडता दंडाधिकाऱ्याने स्वतः चौकशी केलीच पाहिजे. सात वर्षांच्या आत मेलेल्या बाईच्या नातेवाइकाने नुसती मागणी केली तरी शवविच्छेदन करावं लागतं. या चौकशीची खबर आईबाप, भाऊ-बहिणी, मुलं यांना शक्य असेल तिथे द्यायची आणि त्यांना हजर राहू द्यायचं, हेही कायद्यात लिहिलेलं आहे. जुनं कलम १७६, नवं कलम १९६.

हे वाचून वाटेल की आता आणखी काय हवं?

प्रत्यक्षात काय होतं?

बाई सकाळी विहिरीत सापडते. पोलीस पाटील बहुतेक वेळा सासरच्याच गावचा, पुष्कळदा भावकीतला. खबर कोण देतं? नवरा किंवा दीर. म्हणजे तपासाचा पहिला शब्दच त्या घरातून येतो, जिथल्या वागणुकीचा तपास व्हायला हवा. ‘पाणी आणायला गेली, पाय घसरला’ असं तो सांगतो आणि नोंदवहीत कारणाच्या रकान्यात तेच उतरतं. चौकशी अजून व्हायची आहे, पण उत्तर लिहून झालेलं असतं.

पंच कोण? प्रतिष्ठित माणसं. गावात प्रतिष्ठित म्हणजे पुरुष, हे कुणी ठरवलं? कायद्यात तसा एक शब्द नाही. तरीही बाईच्या अंगावरचे वळ बघायला पुरुष उभे राहतात. लाजेने म्हणा की घाईने, लुगडं बाजूला करून कुणी बघत नाही, आणि ‘अंगावर संशयास्पद जखमा दिसून येत नाहीत’ असं लिहून मोकळे होतात. न बघितलेल्या गोष्टीवर सही होते.

मग प्रेत शवविच्छेदनाला न्यायचं. कसाऱ्याच्या खोऱ्यातून किंवा माळशेजच्या पायथ्यापासून गाडी कोण करणार, भाडं कोण देणार? सासरचे देतात, आणि जो गाडी करतो तोच सगळं ‘सांभाळून’ घेतो. माहेरचे येईपर्यंत दुपार टळते. ‘अंधार पडेल, मग उद्यावर जाईल’ असा धाक असतो. २०२१ मध्ये केंद्राने सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार आणि घातपाताच्या संशयाची प्रकरणं त्यातून साधारणपणे वगळलेली आहेत. म्हणजे आपल्या बायकांना दिवसाउजेडाचीच वाट बघावी लागते, आणि त्या वाट बघण्याचाच दबाव करून अंगठा घेतला जातो.

शवविच्छेदनानंतर ‘व्हिसेरा राखून ठेवला, मत राखून ठेवले’ असा शेरा येतो. रासायनिक पृथक्करणाचा अहवाल यायला महिने जातात. तोवर आई पाच वेळा ठाण्यात जाऊन आलेली असते, प्रत्येक वेळी एका दिवसाची मजुरी बुडवून. शहापूरसाठी प्रांत भिवंडीला बसतात, मुरबाडसाठी कल्याणला. अकस्मात मृत्यूचे कागद तिथे जातात आणि तिथेच एके दिवशी प्रकरण बंद होतं. बंद झालं, हे आईला कुणी कळवत नाही. का बंद केलं, हे तर नाहीच.

वीटभट्टीवरच्या मरणाचं तर इतकंही होत नाही. दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरून कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर जातात. तिथे बाई मेली की मालक गाडी देतो, हातावर काही पैसे ठेवतो आणि प्रेत पाड्यावर पोचतं. कुठल्याच ठाण्यात नोंद नाही, मग पंचनामा कुठला?

मुंबईची बाई, शहापूरची बाई

मुंबईत १९९९ सालापर्यंत कॉरोनर होता. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी मुंबई, कलकत्ता अशा मोजक्या शहरांपुरतं ते पद ठेवलं होतं. अपघात, आत्महत्या, खून किंवा अज्ञात कारणाने मृत्यू झाला की कॉरोनर साक्षीदार बोलावून, शपथेवर जबाब घेऊन मरणाचं कारण ठरवायचा. प्रेत त्याच्या हद्दीत असणं पुरेसं होतं, कारण कुठे घडलं याला महत्त्व नव्हतं. म्हणजे शहापूरची भाजलेली बाई मुंबईच्या इस्पितळात मेली तर तिच्या मरणाची चौकशी कॉरोनर करणार. तीच बाई घरात मेली तर पोलीस पाटील आणि दोन पंच. बाई तीच, जाळणारा तोच, पण चौकशी अंतरावर ठरायची.

कॉरोनर परत आणा, अशी माझी मागणी नाही. ते पद गेलं आणि मुंबईलाही आपल्याच रांगेत उभं केलं गेलं. मागणी एवढीच, की मरणाच्या कारणाची चौकशी कुणीतरी स्वतंत्रपणे, उघडपणे, नातेवाइकांसमोर करावी, ही कॉरोनरमागची कल्पना आपल्या कायद्यात दंडाधिकाऱ्याच्या चौकशीच्या रूपाने आजही आहे. तहसीलदार, नायब तहसीलदार, प्रांत यांनी ती टपाल पुढे सरकवल्यासारखी उरकायची नाही.

जी उत्तरं आपल्याला मिळतात

पहिलं उत्तर : ‘आदिवासींत कुठे असतो हुंडा? तुमची केस बसत नाही.’ खरं आहे, आपल्याकडच्या कित्येक जमातींत मुलाकडचे देज देतात. पण कलम १९४ पुन्हा एकदा वाचा. चौकशीसाठी हुंड्याची अट त्यात कुठेच नाही. हुंडाबळीचं कलम वेगळं आहे. ते पूर्वी ३०४-ब होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ८० आहे, आणि ते लागू करायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. दारूपायी मारलं, संशयापायी मारलं, मूल नाही म्हणून छळलं, भुताळी ठरवलं. कारण कोणतंही असो, संशय असेल तर चौकशी व्हायलाच हवी. ज्या दारातून आत जायचं त्यावर दुसऱ्याच दाराची पाटी दाखवून बायकांना परत पाठवलं जातं.

दुसरं उत्तर : ‘सात वर्षं होऊन गेली’ किंवा ‘यांचं लग्न कुठे लागलंय?’ पैशाअभावी आधी एकत्र राहायचं आणि जमेल तेव्हा लगीन लावायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. मग सात वर्षं कुठून मोजायची? या घोळात अडकू नका. मरणाच्या कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदन व्हावं, असं त्याच कलमात वेगळं पोटकलम आहे. त्याला लग्नाची अट नाही, वर्षांची नाही. आणि इतर अनैसर्गिक मृत्यूंतही दंडाधिकारी चौकशी करू शकतो. सक्ती नाही, पण अधिकार आहे. तो वापरा, असं लेखी मागायला काय हरकत आहे?

तिसरं उत्तर : ‘आधी अकस्मात मृत्यूची चौकशी पुरी होऊ द्या, मग गुन्ह्याचं बघू.’ हे सगळ्यात घातक. मरणोत्तर चौकशी मरणाचं वरवर दिसणारं कारण शोधण्यापुरती आहे. आईने सांगितलेल्या हकिकतीत दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली स्पष्ट केलं आहे. व्हिसेराचा अहवाल यायची वाट बघत गुन्हा अडवून ठेवायचा नसतो. त्या महिन्यांत पुरावा जातो, साक्षीदार फिरतात, आणि आई थकते.

चौथं उत्तर आता वाढत्या आवाजात येतं : ‘बायका खोट्या केसेस करतात.’ ज्यांना हे वाटतं त्यांनी तर सगळ्यांत आधी नीट पंचनाम्याची मागणी करायला हवी. पहिल्या दिवशी जखमा नीट लिहिल्या, दोन्ही बाजूंचे जबाब नीट घेतले, तर निर्दोष सासूचीही सुटका त्याच कागदाने होते. चौकशीला विरोध आणि खोट्या केसची तक्रार एकाच तोंडाने कशी करता येईल?

पत्र लिहिता न येणाऱ्या बायका

पुण्याची मंजुश्री सारडा जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. जून १९८२ मध्ये, लग्नाला काही महिनेच झालेले असताना ती विषाने मेली. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. खून की आत्महत्या हे निःसंशय सिद्ध झालं नाही, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पुरी झाली नाही, असं म्हणत संशयाचा फायदा आरोपीला दिला. त्या निकालावर बायका संतापल्या, तो संताप रास्त होता.

पण त्या निकालात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं, माहेरी सांगितलेल्या गोष्टी, यांबद्दल न्यायालयाने म्हटलं की मेलेल्या व्यक्तीने आपल्या मरणाशी संबंधित परिस्थितीबद्दल केलेलं निवेदन पुरावा म्हणून चालतं; ते करताना मरण समोर दिसत असलंच पाहिजे असं नाही. आणि कायद्याने निवेदन लेखी असो की तोंडी, दोन्ही धरलं जातं.

आपल्या बायका पत्रं लिहीत नाहीत. म्हसोबाच्या जत्रेत आईला भेटल्यावर त्या सांगतात, लाकडाची मोळी उतरवताना बहिणीशी बोलतात, भातलावणीला बरोबरच्या बायकांना वळ दाखवतात. तेच त्यांचं पत्र. जबाबात ‘आमची तक्रार नाही’ असं लिहून घेणं म्हणजे ते पत्र न फोडता चुलीत टाकणं. म्हणून माहेरचा जबाब त्यांच्या बोलीत, त्यांच्या शब्दांत, कधी, कुठे, काय सांगितलं याच्या तपशिलासह लिहिला जाणं, हा साधा आग्रह नव्हे. आपल्या बायकांच्या प्रकरणात पुष्कळदा तेवढाच पुरावा असतो.

आणि ती खरोखरच घसरली असेल तर?

हा प्रश्न आपण टाळू नये. विहिरीतलं प्रत्येक मरण खून नसतं. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं शहापूरच्या उरावर उभी राहिली, मुंबईच्या नळाला त्यांचं पाणी जातं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तळाला गेलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बाईचा पाय घसरू शकतो. पावसाळ्यात साप चावतो, ओढा ओलांडून दवाखाना गाठेपर्यंत जीव जातो.

मग चौकशीत ते तरी लिहा! विहिरीला कठडा होता का? पायऱ्या होत्या का? टँकर शेवटचा कधी आला होता? साप चावल्यावर दवाखान्यात पोचायला किती तास लागले, तिथे लस होती का? इंग्लंडमध्ये असं मरण पुन्हा घडू शकतं असं कॉरोनरला दिसलं, तर तो संबंधित खात्याला तसा अहवाल पाठवतो आणि त्या खात्याला ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. २००९ च्या कायद्याने त्याच्यावर ते कर्तव्यच टाकलं आहे. आपल्याकडे ‘पाय घसरून पडली’ या तीन शब्दांत नवराही सुटतो आणि सरकारही सुटतं. मरणारी बाई तेवढी दोषी ठरते, कारण पाय तिचा होता.

२०२१ साली देशात २३ हजारांहून अधिक गृहिणींनी आत्महत्या केल्याची नोंद सरकारी आकडेवारीतच आहे. ही आत्महत्या म्हणून नोंदलेल्यांची संख्या. घसरलेल्या, भडका उडालेल्या, चक्कर येऊन पडलेल्या बायका वेगळ्या रकान्यात आहेत. त्या रकान्यांतलं सत्य किती, हे त्याच पंचनाम्यांवर अवलंबून आहे, ज्यांची कथा वर सांगितली.

तर आता काय करायचं?

अटक करा, फाशी द्या, अशा घोषणांनी ठाण्याचं आवार दणाणतं, आणि आपण घरी परतल्यावर जबाबाचा कागद तसाच राहतो. घोषणा द्याव्यातच, पण आत बसून कागदही बघावा. माझ्या मते प्रत्येक गटाने एवढं ठरवून घ्यावं.

मरणाची खबर कळताच माहेरच्यांना आधी फोन, आणि ते पोचायच्या आत पंचनामा उरकू नये अशी ठाण्याला लेखी विनंती. पंचांमध्ये बायका घ्याव्यात असा आग्रह, आणि पंच म्हणून उभं राहायला गटातल्या बायकांची तयारी. ती तयारी सोपी नाही. मेलेल्या बाईचं अंग बघावं लागतं, पुढे कोर्टात साक्षीला जावं लागतं. पण आपण उभ्या राहिलो नाही तर दिराचे दोस्त उभे राहतील. जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. प्रेत ताब्यात देण्याचा आणि ‘तक्रार नाही’ लिहून देण्याचा काहीही संबंध नाही, हे आईला आधीच सांगून ठेवायचं. शवविच्छेदनाची आणि दंडाधिकाऱ्याच्या चौकशीची मागणी लेखी द्यायची, पोच घ्यायची. मग अकस्मात मृत्यूचा नंबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती मागायच्या. न दिल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहे.

सरकारकडे आपल्या मागण्याही स्पष्ट हव्यात. माहेरच्यांना लेखी कळवल्याशिवाय आणि कारणं दिल्याशिवाय कोणत्याही बाईच्या अकस्मात मृत्यूची फाईल बंद होऊ नये. ही चौकशी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, आदिवासी आईला समजेल अशा भाषेत व्हावी. प्रेत नेण्या-आणण्याचा खर्च सरकारने उचलावा, म्हणजे गाडी कुणाची यावर तपास ठरणार नाही. आणि दर वर्षी तालुक्यातल्या बायकांच्या अकस्मात मृत्यूंची यादी, कारणांसह, जाहीर व्हावी. यातली पहिली मागणी मान्य करायला तर नवा कायदाही लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपापल्या गावात गेल्या दोन वर्षांत विहिरीत, जळून, औषध पिऊन मेलेल्या बायकांची यादी आणावी. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : खबर कुणी दिली, पंच कोण होते, आणि माहेरच्यांचा जबाब त्यांना वाचून दाखवला होता का. त्या याद्या घेऊन आपण भिवंडीला आणि कल्याणला प्रांतांकडे जाऊ, आणि एकेका फाईलचं काय झालं ते विचारू. तक्रार आमची आहे, हे एकदा आमच्या तोंडून त्यांच्या कागदावर जाऊ द्या.